दुसरा हीटर

मागवला होता एक.
आले दोन.
हलच्या या गल्लीत, जिथे दोन घरांत एकच भिंत
आणि मॉरीनच्या खोकल्यावरून कळतं
रात्री पारा किती उतरला,
तिथे दारात दोन खोकी, एकावर एक,
आणि रेबवारची व्हॅन कोपऱ्यावरून वळलेलीसुद्धा.

बिल एकाचंच. एकोणसत्तर पौंड.
मी तीनदा वाचलं,
नापास होईल असं वाटणाऱ्या पोरीनं निकाल वाचावा तसं,
वरून खाली, मग खालून वर.

यशोधन म्हणाला, ठेव.
एवढं मोठं दुकान,
त्यांच्या ताटातलं एक शीत सांडलं म्हण.
मॉरीन आली, खोक्यावर टिचकी मारून म्हणाली,
माझं बिल चुकून वाढतं, ते कधी चुकून कमी झालंय का गं?
दोघांचंही खरं होतं.
तरी मला ते गिळेना.

फोन लावला. एक्केचाळीस मिनिटं
पियानोचं तेच तुणतुणं.
मग कॅलम नावाचा मुलगा आला, आवाजावरून विशीतला,
नुकताच जेवून बसलेला.
म्हणाला, आमच्याकडे एकच दिसतोय.
म्हटलं, माझ्याकडे दोन दिसतायत.
हो, पण दुसरा नाहीच आहे.
जो नाहीच, तो परत कसा घेणार?
आणखी काही मदत हवी का?

तेव्हापासून ती नसलेली वस्तू
आमच्या पॅसेजमध्ये उभी आहे.
तिच्यावर कोट टाकतो, किल्ल्या ठेवतो,
मुक्ता तिच्यावर वही ठेवून गणितं करते.
अंधारात गुडघा आपटतो
तेवढ्यापुरती ती असते.

बार्शीला माझा बाप शिंपी.
उरलेलं कापड, बोटभर असलं तरी,
शिवलेल्या कपड्याच्या घडीत घालून परत द्यायचा.
म्हणायचा, माप आपलं, कापड त्यांचं.
गोष्ट इथेच थांबली असती तर बरं झालं असतं.
पण तिसरीतल्या माझ्या फ्रॉकला
जांभळ्या मखमलीची कॉलर होती,
आणि आमच्या घरात मखमल कधी कुणी विकत आणली नव्हती.
मी विचारलं नाही.
तो गेला त्या आठवड्यातही नाही, सगळं विचारून घ्यावं असं वाटत होतं तेव्हा.
बोटांना अजून आठवते ती.

आठवड्यानं रेबवार आला, मुक्ताचे बूट घेऊन.
त्याला खोकं दाखवलं.
त्यानं खोक्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या व्हॅनकडे,
आणि दोन बोटं वर केली.
म्हणाला, या महिन्यात दोन झाल्या माझ्या.
तिसरी
एवढं बोलून त्यानं सहीसाठी यंत्र पुढे केलं.
मी बोटानं काहीतरी गिरगटलं.

रात्री दुकानाला मेल लिहिली.
चौदा दिवसांत घेऊन जा, अमुक पत्ता, दिवसा घरीच असते.
कोण घेऊन आलं, ते लिहिलं नाही.
आधी लिहिलं होतं, मग खोडलं.
म्हणजे खरेपणातूनही मी
बोटभर कापड काढून ठेवलंच.

उत्तर नाही. चौदा दिवस संपले, वर नऊ.

आपला हीटर मुक्ताच्या खोलीत असतो.
काल वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून सहाला आले,
पाय लाकूड झालेले,
नळाचं पाणी बोटांना चावत होतं.
कुणी जागं नव्हतं.
स्वयंपाकघरातली कात्री घेतली,
खोक्याची पट्टी कापत गेले, सरळ,
अर्ध्यापर्यंत.
आत पांढरा थर्माकोल, आणि नव्या वस्तूचा तो वास.

मग ड्रॉवर उपसून पट्टी शोधली, पुन्हा चिकटवली,
कोट होते तसे टाकले, किल्ल्या ठेवल्या.
नव्या पट्टीचा रंग जरा फिका आहे.
यशोधनला दिसला नाही, मुक्तालाही नाही.
न्यायला आलेच कुणी, तर त्यांनाही दिसणार नाही.

बाप असता तर
उंबऱ्यातूनच ओळखलं असतं
शिवण कुठे उसवून पुन्हा घातली ते.
आणि बोलला नसता काही.