कलम नववे

अकरा-अकरा महिन्यांची सात घरं केली मी.
ऐरोली, रबाळे, पुन्हा ऐरोली, घणसोली…
आणि प्रत्येक करारात नववं कलम तेच:
भाडेकरूने भिंतीस खिळा ठोकू नये.

म्हणून माझं कॅलेंडर कायम
कुणा दुसऱ्याच्या खिळ्यावर.
काढून नेलेल्या तसबिरीचा पांढरा चौकोन
आणि त्यात माझा जून महिना.
आरसे तर सगळे उंच माणसांनी लावलेले.
चार फूट दहा इंचांवरून
भांग दिसायचा, कपाळ दिसायचं.
हनुवटीला काही लागलंय
हे लॅबमधल्या पोरी सांगायच्या.

आता कोपरखैरणे. तिसरा मजला. वीस वर्षांचं कर्ज.
किल्ली मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
हरखचंदच्या दुकानात उभी राहिले:
ड्रिल दाखवा, बिनवायरची.
त्याने माझ्या मागे पाहिलं, आणखी कुणी येतंय का.
मग अठरा व्होल्टची काढली.
"ताई, मिस्टरांना हीच आवडेल."

उचलून पाहिली. दंड भरून आला.
स्टुलावर चढून हात डोक्यावर नेऊन ही धरली
तर उद्या मनगट पिपेट धरणार नाही.
बारा व्होल्टची द्या, म्हटलं. पण ठोका मारणारी.
नुसती फिरणारी प्लास्टरपर्यंत हसते, पुढे रडते.
चक दहाचा, हाताने आवळायचा.
बॅटऱ्या दोन. एक पाळीवर, एक सुट्टीवर.
हरखचंद गप्प झाला. स्वतःच चहा मागवला.

(हे ज्ञान रियासत मिस्त्रीचं.
घणसोलीत मालकाचा एसी बसवायला आला होता.
शिडी मी धरलेली. तो भिंतीशी बोलत होता,
मी ऐकत होते.)

गॅलरीत ठेवायची नाही.
खाडीचा वारा लोखंड चाटतो,
नेलकटरसुद्धा इथे चार महिन्यांत तांबडं होतं.
कपाटात ठेवली, साड्यांच्या खाली,
जुन्या परकरात गुंडाळून,
सोबत चपलांच्या खोक्यांतल्या त्या बारीक पुड्या,
ओल पिणाऱ्या,
ज्या सात घरं मी जपत आले, कशाला ते न कळता.
बिटं हिंगाच्या डबीत. वास गेलेला नाही.
बॅटरी काढून वेगळी:
गच्च भरलेली नको, रिकामी नको,
तीनातले दोन दिवे लागावेत इतकी.
ती घराच्या कागदांच्या फायलीशेजारी.

सोसायटीची पाटी: दोन ते चार आवाज बंद.
चार वाजून एक मिनिट.
भिंतीवर पेन्सिलची फुली, माझ्या नाकासमोर.
खाली चिकटपट्टीने लावलेलं उघडं पाकीट,
भुकटी झेलायला.
दाबलं.

तांबडं आलं. वीटच होती.
पाकिटावर बँकेचं नाव होतं.

पहिलं भोक तिरकं गेलं, खरं सांगायचं तर.
आगकाड्या खुपसून बुजवलं,
फुली दोन बोटं डावीकडे सरकवली.
आता ते आरशामागे आहे. कुणाला दिसत नाही.
मला हनुवटी दिसते.
तिच्यावर एक तीळ आहे, आईच्या होता तसा.

संध्याकाळी वरचे तांडेलकाका दारात.
"मशीन देतेस का गं जरा? पडद्याचा दांडा लावायचाय."
मशीन नाही देत, म्हटलं. मी येते.
स्टूल काढून ठेवा.
आणि दांडा किती उंचावर हवा
ते काकूंना विचारा.