बावन्न

मुळाचं टोक सकाळी नऊच्या आत खुडायचं,
हे मुनव्वरमामांनी शिकवलं. उशीर झाला
की पेशी आळसावतात, म्हणायचे, आपल्यासारख्याच.

नांदेडची प्रयोगशाळा, खिडकीला काळ्या रानाची धूळ.
काचेखाली गावरान कापूस: सव्वीस गुणसूत्रं.
शेजारची अमेरिकन: बावन्न.
"पत्त्यांचा अख्खा जोड," मामा हसले.
"पण नीट बघ पोरी, निम्मे थोराड, निम्मे बारके.
दोन घरचे पत्ते पिसलेत."

थोराड ते गावरानच्या भाऊबंदकीतले.
माणसानं सूत कातण्याआधी कितीतरी लाख वर्षं
एक बी खाऱ्या पाण्यावरून वाहत गेलं,
पलीकडच्या काठाला परक्या फुलाला भेटलं.
लेकरू झालं ते वांझ;
कुणाचा कुणाशी जोडा जमेना.
मग एक पेशी वाटणी करायला विसरली,
होतं ते सगळं दुप्पट ठेवून बसली.
ती चूक आज बिलोलीपासून परभणीपर्यंत
पिवळी फुललीय,
तुडतुड्यांसकट.

यंदा मी गावरानच्या चौदा कोंबांवर
औषधाचा थेंब ठेवला. तेरा जळाले.
चौदाव्याचं पान जाड, खरबरीत, सांजेलाही ताठ.
मोजले: बावन्न!
मामांना फोन लावला, ते आता देगलूरला असतात.

"सगळे थोराडच का?"
हो.
"मग बदामराजेच चार झाले की गं.
डाव कसा लागायचा?"

दिवाळीनंतर एक बोंड उकललं.
कापूस होता, थोडा.
आत बोटानं चाचपत राहिले,
सरकीचा कडक दाणा
कुठंच लागला नाही.