शून्याच्या जागी दोन

नवतपाचा तिसरा दिवस. बर्डीवर शटरला हात लागला तरी चटका.
टेंभुर्णेबाई ऑटोतून उतरल्या
मांडीवर सीपीयू, ओल्या टॉवेलात गुंडाळलेला.
"पुतण्यानं नवीन घेऊन देल्लं. बत्तीस जीबी.
मंग माहं राज्य काऊन बुडते?"

राज्य म्हणजे दोन हजार चारचा एक गेम,
सीडीवर ओरखडे, खोक्याला पिवळी पडलेली सेलोटेप.
मी कूलरसमोर स्टूल सरकवलं.
नकाशावर त्यांनी स्वतः नावं दिलेली शहरं:
कन्हान, गोधनी, कळमेश्वर.
खापरीला बंदर.
खापरीला समुद्र. मी काही बोललो नाही.

माउसला नुसता धक्का लागला की नकाशा
गाव सोडून पळायचा. जुन्या प्रोसेसरच्या
चालीनं मोजलेलं पाऊल, नव्याच्या पायात ते ठरेना.
ते बांधून दिलं. उडालेले रंग बसवले.
मग गेमला खोटं सांगितलं,
बाहेर अजून तेच जुनं विंडोज आहे, काही बदललेलं नाही.
त्याचा लगेच विश्वास बसतो.
घरात वय झालेलं माणूस असलं की
असं बोलणं जमायला लागतं.

पण तीनशे चाळिसावी खेळी.
गलबतं दिसतात, धुकं उठतं,
अख्खा नकाशा एकदम उघडा
आणि स्क्रीनवर वॉलपेपर: पुतण्याचं लग्न.
ना आवाज, ना सूचना.
तीनदा खेळलो. तीनदा लग्न.

म्हटलं, "बाई, बत्तीस आहेत, पण याला दोनच दिसतात.
याच्या काळी तेवढेच पत्ते लिहायची रीत.
पुढं घरं झाली, ते याला कोणी कळवलं नाही.
एवढी फौज, एवढी गावं,
दोनात मावत नाहीत, अन् हा जागच्या जागी मरतो."

वाटलं, आता तासभर समजावणं आलं.
त्यांनी पदरानं चष्मा पुसला.
"म्हंजे नंबर संपले.
एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमधी काढली म्या.
सहा आकड्यांत नागपूर मावेना, तवा
साऱ्यायच्या पुढं दोन लावला.
सकाळी लोकं शिव्या देत होते.
पण फोन लागत होते."

मी गेमची फाइल कच्ची उघडली.
चाळणीतून ज्वारी सांडावी तसे आकडे.
अगदी वरती, झिरो माइलचा दगड असावा
जिथून पुढचं सगळं मोजायचं, त्याच्या आसपास
एका घरात शून्य होतं.
ते खोडून मी दोन लिहिला.
झालं. एक बिट.
बाई अशा हसल्या की
मी त्यांच्याच खात्यात चिकटलोय.

तीनशे एक्केचाळीस. बेचाळीस.
खापरीच्या बंदरात शत्रूची गलबतं जळाली.
दुपारचे चार, लाइट गेली, आली, परत सुरू.
चारशे सहाला
लग्न.

"दोनाचे चारच होतात," मी ओशाळलो,
"याच्या पुढं याला नेता येत नाही मला."
बाईंनी डायरीत तारखेसकट लिहिलं: ४०६.
"सहासष्ट खेळ्या भेटल्या ना, बस झालं.
दर तिसरीले सेव्ह करतो मी.
तेवढ्यात उरकवतो लढाई."

पैसे नको म्हटलं तर दीडशे रुपये
कीबोर्डखाली सरकवून गेल्या.
ऑटोत बसल्यावर पाटीकडं बघत राहिल्या.
"हे चिमोटे रेडिओ होतं नं? तुमचे वडील?"
आणि न अडखळता सहा आकडे म्हटले,
पुढं दोन न लावता.

मला तो नंबर ठाऊक नव्हता.
बिलबुकाच्या पाठीवर उतरवून घेतला.