पोचपावती

उत्तर पोर्तुगालमध्ये, फेल्गेरासच्या उतारावर
जोड्यांचे अकरा कारखाने.
कुणी फक्त टाचा करतो, कुणी फक्त सोल,
कुणी नाड्यांची टोकं,
आणि झुल्मिरा नुसती खोकी.
पोकळीचा धंदा, ती म्हणते,
भाडं मात्र भरीव.

संघानं मला नेमलं
अकरा जणांची यंत्रं एका जाळ्यात आणायला.
केबल दोन दिवसांत पडली.
शब्दांना चौदा महिने लागले.

कारण एकाच कातड्याला
कुस्तोदिओ म्हणायचा मध,
अर्मिंदा म्हणायची जुनं पितळ,
आणि बेल्मिरोच्या वहीत लिहिलेलं:
त्या इटालियनाला दिलं होतं तसलं.
याला रकाना कुठला द्यायचा?

दर गुरुवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बैठक.
एक नग म्हणजे एक पाय की दोन?
डझन म्हणजे बारा, हे तरी नक्की ना?
नाही, म्हणाला आल्सिनो.
आमच्यात तेरा. वरचा एक नमुन्याचा.
वडिलांपासून.
त्या तेराव्यावर
दोन गुरुवार गेले आणि मक्याच्या चार भाकऱ्या.

आणि भाव? भाव कुणाला दिसणार?
सगळ्यांनी एकदम कोट अंगाशी ओढले.
माझी मागणी शेजाऱ्याला कळू दे,
चणचण नको.
मी फळ्यावर भिंती काढल्या, भिंतींना दारं,
दारांना कुलपं.
मग तुला काय दिसणार, अर्मिंदानं विचारलं.
मला? कुणी कुणाचं दार वाजवलं, किती वाजता.
आत काय बोललात ते नाही.
म्हणजे गावातल्या म्हातारीइतकंच, ती म्हणाली,
आणि सही केली.

बेल्मिरो आणि कुस्तोदिओ
एकाच बाकाच्या दोन टोकांना.
टाचेच्या एका साच्यावरून
एकोणीस वर्षं बोलाचाली बंद.
साचा केव्हाच भंगारात गेला.
भांडण तेवढं चालू स्थितीत.

मार्चमधल्या एका रात्री सुरू केलं.
मी झुल्मिराच्या गोदामात,
पायाशी हीटर, समोर पडदा, भोवती खोकी.
बेल्मिरोनं आणि कुस्तोदिओनं मला
त्या एका रात्रीपुरत्या किल्ल्या दिल्या होत्या.
दोन वाजून सतरा मिनिटांनी
कुस्तोदिओच्या यंत्रानं विचारलं:
टाच, माप एकोणचाळीस, रंग सत्तेचाळीस,
जोड सहाशे, मंगळवारी?
बेल्मिरोच्या यंत्रानं
घसा खाकरला नाही,
कुणाचा बाप काढला नाही.
मागणी पोचली, म्हणालं.
सहाशे. मंगळवारी.

सकाळी बेल्मिरोनं कागद पाहिला,
चष्मा काढला, पुसला, घातला.
हे मी म्हणालो?
तुमचं यंत्र म्हणालं.
बराच वेळ तो एक टाच तळहातावर फिरवत राहिला.
मग म्हणाला, लाकूड ओलं आहे. बुधवार कर.
बुधवारला रकाना नाही, मी म्हटलं.
(होता. तारखेच्या शेजारीच.)
त्यानं मला एक शिवी हासडली,
टोपी घातली
आणि उतारानं खाली निघाला, पायी.

त्या दिवशीच्या नोंदीत
त्या दोघांमध्ये एकही निरोप नाही.

बुधवारी टाचा पोचल्या. जोड सहाशे एक.
कुस्तोदिओ म्हणतो, वरचा परत पाठवा.
बेल्मिरो म्हणतो, त्याला कधी मोजताच येत नव्हतं.
यंत्रानं तो एक जोड
तफावत म्हणून लाल करून ठेवलाय.
दर महिनाअखेर मला विचारतं, मिटवू?
मी सांगते, राहू दे.