ठिपके

पेशीद्रव्याला ठिपके द्यायचे, छटा नाही.
पेन्सिल उभी धरायची, एकेक ठिपका सुटा.
हे मॅडम सांगतात.
मी काचपट्ट्या पुसतो.
सत्तावीस वर्षं पुसतोय,
गंगापूर रोडच्या या कॉलेजात, खोली नंबर अकरा,
जिथे सॅफ्रनिनचा लाल डाग
फरशीपेक्षा माझ्या नखांत जास्त मुरलाय.

मुलं केंद्रक शोधतात.
सापडलं की ओरडतात, "सर, दिसलं!"
घाईत मला सर म्हणतात, मग जीभ चावतात.
केंद्रकाला नाव, पट्टीने मारलेली रेघ,
घोटून काळा केलेला गोळा.
उरलेल्या जागेला ठिपके.
घंटा जवळ आली की तेही विरळ होत जातात,
खालच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत
कागद कोराच.

कांदा मी घरून आणतो.
लिलावात त्याला भाव असो नसो,
पापुद्रा तेवढाच पातळ सुटतो.
हायड्रिलासाठी मात्र सोमेश्वरला जावं लागतं,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उतरावं लागतं.
धबधबा बघायला आलेले लोक विचारतात,
काका, काही हरवलं का?

जानेवारीतली सकाळ होती.
निफाडला पारा चारवर, असं पेपरात होतं.
हायड्रिलाची बादली रात्रभर गॅलरीत राहिली,
चूक माझीच.
नाझनीन पिंजारी, बारावी ब,
दूध बाजारातून सायकलवर येणारी,
भिंगातून बघत म्हणाली,
"काका, पुस्तकात लिहिलंय, हे फिरतं.
हे तर बसलंय."

बघितलं. खरंच बसलं होतं.
हिरवे कण पेशीच्या भिंतीला टेकून,
सीबीएसवर पेठची गाडी लागायची वाट बघत
माणसं बसतात तसे.

काचपट्टी काढली, डाव्या तळहातावर घेतली,
उजवा वर धरला, टेकवला नाही.
वरची काच चिमणीच्या अंड्यासारखी, लगेच तडकते.
मॅडम हजेरी घेत होत्या.
पंचवीस हजर, सव्वीस गैरहजर,
तेवढा वेळ मी
हातात काहीतरी झाकून उभा.

परत लावली.
एक कण सुटला.
मग त्याच्या मागचा.
मग भिंतीभिंतीने सगळी रांग,
कोपऱ्याला वळण घेऊन, पलीकडून परत.
मधे रिक्तिकेचं पाणी, हललंसुद्धा नाही.
बघता बघता कळलं,
कण चालत नाहीत, त्यांना नेलं जातंय,
आणि नेणारं
काचेत कुठेच दिसत नाही.

रोज मी फोकस लावतो आणि बाजूला होतो.
त्या दिवशी झालो नाही.
"काका, माझी पाळी," ती म्हणाली.
दोनदा म्हणाली.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले, नगरचे.
चहात साखर कमी, बोलण्यात त्याहून.
तिच्या आकृतीत त्यांनी अर्धा गुण कापला.
पेशीद्रव्यात बाण नसतात, म्हणाले.
ती हसत सांगायला आली, हात शाईने भरलेले.
मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं,
पुस्तकात नसतात.
मग उगाच एक स्वच्छ काचपट्टी पुन्हा पुसली.

जूनमध्ये रद्दीवाला जर्नलं किलोवर घेऊन गेला.
त्याआधी मी एक पान काढून घेतलं.
घरी दिव्याखाली धरलं.
बाण पाच.
ठिपके मोजायला बसलो,
दोनशे चाळीसपर्यंत गेलो,
तेवढ्यात आतून जेवायची हाक आली, आकडा चुकला.
पुन्हा पहिल्यापासून मोजले नाहीत.
एवढंच बघून ठेवलं,
खालचा कोपराही
तिने भरला होता.