प्लेट गरम आहे

बावीस वर्षं मी हेच वाक्य बोलतोय.
'प्लेट गरम आहे, हात लावू नका.'
ओमाहातल्या या तळघरात, लाल चामड्याच्या बाकांमध्ये,
जिथे दिवे मुद्दामच इतके मंद
की समोरच्याच्या सुरकुत्या दिसू नयेत
आणि मेनूचा उजवा रकाना तर नाहीच नाही.

तरी तो दिसतो.
लोक डावीकडे वाचतात, अंगठा उजवीकडे सरकतो.
अंगठ्यावरून मला कळतं कोण काय मागवणार.
खिशात अंगठी घेऊन आलेला पोरगा
सगळ्यात महाग ते मागवतो आणि अर्धं टाकतो.
कुणाला कामावरून काढायचं असेल
तर साहेब आधी कालवं मागवतात, दोघांत एक बशी.
त्या दुसऱ्या माणसाला मी पाव जास्त आणून देतो.
माझ्या हातात तेवढंच.

काल चौदा नंबरवर रॉबर्टा कुचेरा. दोघांचं टेबल.
ती पन्नाशीची, आणि तिचे वडील.
कोट त्यांचाच होता,
खांदे मात्र आता त्या कोटाचे राहिले नव्हते.
त्यांचा अंगठा उजवीकडे सरकला नाही.
उजव्या हाताला अंगठा अर्धाच होता.

कसं हवं, मी विचारलं. मीडियम रेअर?
'कुठलं आहे?'
मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं:
सँडहिल्सच्या कुरणातलं, गवतावर वाढलेलं,
अठ्ठावीस दिवस मुरवलेलं.
'ते नाही. बरगडी कितवी?'

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
आत गेलो. भट्टीवरचा तेओदोरो हसला,
'ते प्लास्टिकमध्ये येतं रे, नंबर टाकून.
बरगड्या मोजणारा कुठे तरी लांब बसलाय.'

परत आलो तर रॉबर्टा हळू आवाजात म्हणाली,
जणू माझी माफीच मागत होती,
'बाबा पॅकिंग हाउसमध्ये होते. एकेचाळीस वर्षं. शीतघरात.'
'दिवसाला नऊशे,' म्हातारा म्हणाला,
आणि लोण्याच्या सुरीनं हवेत रेघ मारली.
'इथून. इथपर्यंत. मग पुढचा.'
घरी काय न्यायचात?
'शेपूट. जीभ. शनिवारी काळीज.
हा तुकडा मी ट्रकमध्ये चढताना बघितलाय.
शिकागोला जायचा.'
आणि तो नीट घडी घातलेला रुमाल
पुन्हा एकदा नीट घडी घालू लागला.

मी प्लेट ठेवली. म्हणालो, प्लेट गरम आहे, हात लावू नका.
त्यानं दोन्ही तळवे कडेला लावले.
मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं.
'राहू द्या,' रॉबर्टा म्हणाली.

लोणी तडतडत होतं. तो खात नव्हता.
साडेनऊ बोटं प्लेटभोवती,
थंडीत कुणी चहाचा कप धरावा तशी.
'हे असं असतं होय,' म्हणाला.
कुणाला म्हणाला, कळलं नाही.

मग प्लेट थोडी फिरवली,
धागा कुठल्या बाजूला जातो ते पाहिलं,
आणि आडवा कापला. एकच कट.
शेजारच्या टेबलावर एक वकील
लाकूड कापावं तसा
केव्हाचा धाग्याच्याच दिशेनं करवतत होता.

तीन घास चावून झाल्यावर त्यानं मला बोटानं बोलावलं.
'अकरावी,' म्हणाला. 'आत सांग.'

मी सांगितलं. तेओदोरो या वेळी हसला नाही.
चिमट्यानं निखारे उगाच सारखे करत राहिला.

बिल आलं तेव्हा रॉबर्टाचा अंगठा
आकड्यावर जरा जास्त वेळ थांबला. टीप चांगली ठेवली.
बटाट्याला दोघांनीही हात लावला नव्हता.
हाड असं साफ, की धुणाऱ्यालाही वाटावं
आपलं काम कुणी तरी आधीच करून गेलं.

मग नऊ नंबर. वाढदिवस, फुगे, सहा जण.
मी वाकलो, प्लेट ठेवली, म्हणालो,
'प्लेट गरम आहे',
आणि पुढचं आठवेना.