प्रमाण दाब

चाकं आत गेली की दोनेक मिनिटांत
कॅप्टन दुबाश मान हलवतात, मी बटण ओढते.
एक हजार सहा पुसलं जातं,
तिथे तीन अक्षरं : एसटीडी.
आमच्या नाक्यावरच्या पिवळ्या टपरीवर
होती तीच.

म्हणजे एक हजार तेरा.
हा दाब आज उलव्यात नाही, उरणात नाही,
खाडीपलीकडच्या मिठागरांवरही नाही.
तरी वर सगळे तोच धरून चालतात,
कोचीचं विमान, मस्कतहून येणारं, आम्ही.
एकच चूक सगळ्यांनी मिळून केली
की कोणी कोणावर आदळत नाही.

बोलायला मी असंच शिकले.
पनवेलच्या शाळेत, सातवीत, गोखटे बाई :
पानी नव्हे, पाणी.
थोरं नव्हे गं, थोडं.
शंभर वेळा लिहून आण.
लिहिलं. तेव्हापासून
वर असताना माझा एकही ण चुकलेला नाही.

उतरताना मात्र विचारावं लागतं,
तुमच्याकडे आज किती?
टॉवर सांगतो. मी तेच परत म्हणून दाखवते,
बटण आत दाबते,
आणि आकडा दोनशे फूट घसरतो,
विमान तसूभरही न हलता.
विसरलीस, दुबाश म्हणाले होते पहिल्याच दिवशी,
तर तुला वाटेल तू अजून वर आहेस.
आणि डोंगर काही बाजूला सरकत नसतो.

सरकतो, सर.
इथे एक टेकडी होती.
आई तिच्यावरून करवंदं आणायची, ओच्यात.
सुरुंग लावले, वर्षभर भांडी हलत होती फळीवर,
मग तिचीच माती खाली पसरली
आमच्या घरावर,
ज्याच्या उंबऱ्याला उधाणाचं पाणी लागायचं.
हे मी बोलले नाही.
चेकलिस्ट वाचत होते.

चाकं टेकतात. पार्किंग ब्रेक.
इंजिनं गप्प होतात,
आकडा शून्यावर येत नाही.
समुद्रापासून थोडे फूट उरतात
दर वेळी, तेवढेच.
ते कोणाचे, मला माहीत आहे.

फोन लावते वडघरला.
"आयलीस गो बाय? पानी तापत ठेवू?"

दुबाश शेजारी टोपी शोधताहेत.

"ठेव," मी म्हणते,
"थोरं पानी ठेव."